मोठ्या संख्येचे अवयव : गणितातील कूट आणि माहितीची सुरक्षितता

दिलेली संख्या मूळ आहे की संयुक्त, हा प्रश्न लहान संख्यांच्या बाबतीत सहज सुटतो. मोठ्या संख्येच्या बाबतीत मात्र दोन स्वतंत्र प्रश्न उभे राहतात : ती संयुक्त आहे काय, आणि असल्यास तिचे अवयव कोणते? पहिल्याचे उत्तर मिळाले म्हणजे दुसऱ्याचेही मिळते, असे नाही.

२ च्या ६७ व्या घातातून १ वजा केल्यास १४,७५,७३,९५,२५,८९,६७,६४,१२,९२७ ही २१ अंकी संख्या मिळते. अशा संख्यांना मर्सेन संख्या म्हणतात. ती मूळ असण्यासाठी घातांक मूळ असावा लागतो. परंतु तेवढे पुरेसे नसते. घातांक ११ घेतल्यास मिळणारी २,०४७ ही संख्या २३ × ८९ अशी संयुक्त आहे. फ्रेंच विद्वान मर्सेन यांनी १६४४ मध्ये ६७ घातांकाची संख्या मूळ मानली होती. १८७६ मध्ये एदुआर ल्युका यांनी ती संयुक्त असल्याचे सिद्ध केले. पण तिचा एकही अवयव त्यांना सांगता आला नाही.

अवयवाविना हे कसे कळते? ल्युका यांच्या पद्धतीला लेमर यांनी पुढे सुटसुटीत रूप दिले. ४ पासून आरंभ करून प्रत्येक वेळी वर्गातून २ वजा करावेत व दिलेल्या संख्येने भागून बाकी घ्यावी. घातांकापेक्षा दोनने कमी इतक्या पायऱ्यांनंतर बाकी शून्य आली, तरच संख्या मूळ. घातांक ५ असलेल्या ३१ साठी ४, १४, ८, ० असा क्रम येतो. म्हणून ३१ मूळ आहे.

६७ घातांकाच्या संख्येचे अवयव १९०३ मध्ये फ्रँक नेल्सन कोल यांनी मांडले : १९,३७,०७,७२१ आणि ७,६१,८३,८२,५७,२८७. दोहोंना १३४ ने, म्हणजे घातांकाच्या दुपटीने, भागल्यास बाकी १ उरते. मर्सेन संख्येच्या प्रत्येक मूळ अवयवाचा हा गुणधर्म असल्याने शोधाचे क्षेत्र बरेच आटोपते.

पहिल्या प्रश्नाबाबत भारताचे योगदान मोलाचे आहे. कानपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील मणिंद्र अग्रवाल, नीरज कयाल व नितीन सक्सेना यांनी २००२ मध्ये कोणत्याही संख्येची मूळता निश्चितपणे व बहुपदी काळात तपासणारी रीत दिली. अवयव पाडण्यासाठी मात्र नेहमीच्या संगणकांवर चालणारी तितकी वेगवान रीत अद्याप ज्ञात नाही.

याच उणिवेचा उपयोग आर.एस.ए. या कूटलेखन पद्धतीत होतो. दोन प्रचंड मूळ संख्यांचा गुणाकार जाहीर केला जातो. त्या दोन संख्या गुप्त राहतात. पीटर शोर यांनी १९९४ मध्ये दिलेली रीत पुरेशा क्षमतेच्या क्वांटम संगणकावर ही भिंत पाडू शकते. म्हणूनच सुरक्षित क्वांटम संदेशवहन हे केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये मंजूर केलेल्या ६,००३.६५ कोटी रुपयांच्या राष्ट्रीय क्वांटम अभियानाचे एक उद्दिष्ट आहे. आज कूटबद्ध केलेली माहिती उद्याही गुप्त राहावी, यासाठी नव्या कूटपद्धतींची सिद्धता आतापासूनच करावी लागेल.