जुन्या मोटारीचे दिवे मंद का होतात?

उसाच्या हंगामात रात्री रस्त्यावर बैलगाड्या असतात. कित्येकांच्या मागे कंदीलही नसतो. आपल्या मोटारीचा उजेड अपुरा पडला, तर बैलगाडी दिसेपर्यंत ब्रेक दाबायला उशीर झालेला असतो. तेव्हा घरी जुनी ॲम्बेसेडर असेल, तर दिव्यांकडे वेळीच लक्ष द्या. ही गाडी तयार होणे २०१४ साली थांबले. म्हणजे आता साऱ्याच जुन्या झाल्या.

दिवे मंदावले की आपण मोठा बल्ब आणतो. तो खर्च बहुधा वाया जातो. पाणी पाटातच मुरत असेल, तर शेवटचा वाफा कोरडाच राहणार! वीजही तशीच गंजलेल्या सांध्यांत जिरते. बल्बला मिळणारा दाब शेकडा १० ने घटला, तर उजेड शेकडा ३० च्या आसपास घटतो. मोठ्या बल्बाने जुन्या वायरी मात्र तापतात.

एकच दिवा मंद असेल तर

बॅटरीचे जे टोक गाडीच्या सांगाड्याला जोडलेले आहे, तिथून एक जाड वायर त्या दिव्याच्या अर्थ वायरीला लावून पाहा. दुसऱ्या टोकाला ती लागू देऊ नका. उजेड वाढला, तर अर्थिंग खराब आहे असे समजा. तिथला स्क्रू खोला, रंग व गंज खरवडून पत्रा चकचकीत करा, स्क्रू घट्ट आवळा आणि वर व्हॅसलिन लावा. फरक पडला नाही, तर दिव्यातील आरसा काळवंडला आहे का ते पाहा. तो राखेने घासू नका, मुलामा निघून जातो, बदलणेच बरे.

दोन्ही मंद असतील तर

इंजिनाचा वेग वाढवताच दिवे उजळतात का? डायनॅमोच्या गाडीत थोडा फरक पडणारच. फार पडत असेल, तर पंख्याचा पट्टा, बॅटरीची टोके आणि बॅटरी तपासा. वेग वाढवूनही मंदच राहिले, तर स्विच, डिपर आणि त्यांचे सांधे पाहा. दिवे लावून मीटरने बॅटरीवरचा व बल्बावरचा दाब मोजा. फरक अर्ध्या व्होल्टहून जास्त असेल, तर वीज वाटेत जिरते आहे. चांगल्या वायरमनकडून रिले बसवून घ्या. स्विचवरचा भार हलका होतो.

बॅटरीजवळ विडी-काडी मात्र पेटवू नका. आणि हे काम दिवसाउजेडी, हंगामाआधी उरका.