विद्येचे पीठ आणि विद्येचा कारभार

एखादी विद्या वाढीस लागली, की तिच्यापुढे एक प्रश्न हमखास उभा राहतो. तिचा अधिकारी कोण? निर्मात्याचे घराणे, श्रेष्ठ गुरू, की शिकणाऱ्यांच्या वतीने चालणारे मंडळ? गायकीची घराणी आणि कुस्तीच्या तालमी ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना हा प्रश्न नवा नाही. जपानमधील ज्युदोने त्याचे उत्तर कसे शोधले, हे म्हणूनच पाहण्यासारखे आहे.

जिगोरो कानो या तरुण शिक्षकाने 1882 साली तोक्योतील एका बौद्ध मंदिरात कोदोकानची स्थापना केली. जागा बारा चटयांची आणि शिष्य अवघे नऊ. जुन्या जुजुत्सूतील निरनिराळ्या संप्रदायांचे डाव त्यांनी पारखून घेतले आणि शिष्याची प्रगती दर्शविणारी ‘दान’ ही श्रेणी सुरू केली. 1909 साली कोदोकानला न्यासाचे कायदेशीर रूप मिळाले. तेथील शिक्षक दूरदेशी जाऊ लागले. 1929 साली शिंझो ताकागाकी हे रवींद्रनाथांच्या शांतिनिकेतनात ज्युदो शिकवीत होते.

1938 साली कानो निवर्तले. त्यांच्यामागून पुतणे जिरो नांगो, मग पुत्र रिसेइ आणि 1980 पासून नातू युकिमित्सु असे कोदोकानचे प्रमुखपद घराण्यातच राहिले. मध्यंतरी 1949 साली अखिल जपान ज्युदो महासंघ स्थापन झाला. कोदोकानने विद्या जपावी व श्रेणी द्यावी, महासंघाने स्पर्धा आणि राष्ट्रीय संघ पाहावा, अशी ही विभागणी. परंतु दोन्ही संस्थांचे अध्यक्षपद एकाच व्यक्तीकडे असे. 2009 साली कानो घराण्याबाहेरचे पहिले प्रमुख म्हणून ऑलिंपिक विजेते हारुकी उएमुरा आले. घराणे बदलले, पण दोन्ही आसने पुन्हा एकाच व्यक्तीकडे गेली.

या व्यवस्थेची कसोटी लवकरच लागली. राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक मारहाण करतात, ही तक्रार 2012 साली महासंघाकडे आली, तेव्हा त्याने ताकीद देऊन त्यांना पदावर कायम ठेवले. मग पंधरा महिला खेळाडूंनी थेट जपानच्या ऑलिंपिक समितीकडे दाद मागितली. अनुदानाच्या गैरवापराचे प्रकरणही उघडकीस आले आणि शासनाने कानउघाडणी केली. ऑगस्ट 2013 मध्ये उएमुरा महासंघाच्या अध्यक्षपदावरून पायउतार झाले. कोदोकानचे प्रमुखपद मात्र त्यांच्याकडेच राहिले. महासंघाची सूत्रे पोलाद उद्योगातील शोजी मुनेओका यांच्याकडे, म्हणजे ज्युदोच्या वर्तुळाबाहेरच्या गृहस्थाकडे, सोपविण्यात आली. 2017 साली त्यांच्या जागी यासुहिरो यामाशिता हे नामवंत ज्युदोपटू आले.

बाहेरच्या माणसाला ज्युदो अधिक कळत होता, असे कोणी म्हणणार नाही. पण ज्याच्यापुढे शिष्याने नतमस्तक व्हावे, त्याच्याच कारभाराविरुद्ध त्याच्याकडेच फिर्याद करणे किती कठीण असते! गुरुभक्तीने विद्येचे शुद्ध रूप टिकते हे खरे. मात्र तीच भक्ती कारभारात शिरली, की हिशेब विचारणारा उद्धट ठरतो आणि पीडित मूक राहतो.

म्हणून पीठ असावे आणि मंडळही असावे. परंतु विद्या देणारा हात आणि तक्रार ऐकणारा कान एकाच देहाचे असू नयेत. ते वेगळे राहिले, तर गुरूचा मान उणावत नाही. उलट तो निष्कलंक राहतो.