शेणखतातले बी

गाईच्या पोटातून गेले की बी मरते, असा आपल्याकडे समज आहे. तो खरा नाही. कडक सालीचे बी रवंथातून सुटून शेणात जिवंत उतरते. शेळीने खाल्लेल्या शेंगांतली बाभूळ लेंडीखतातून उगवते ती काही उगीच नाही. कच्चे शेण वाफ्यात टाकले की तण पेरले जाते आणि निंदणाची मजुरी आपल्याच माथी बसते.

बी मरते ते ओल्या उष्णतेने. ढीग आतून ५५ ते ६० अंश तापून काही दिवस तसाच राहिला, तर बहुतेक बी नासते. आपल्या पुसदच्या नारायण देवराव पांढरीपांडे, म्हणजे नाडेपकाकांची विटांची जाळीदार टाकी हेच खत थोड्या शेणात करते. १० फूट लांब, ६ रुंद, ३ उंच. काडीकचरा, शेणकाला, माती असे थर देऊन वरून लिंपायचे. शेण लागते शंभरेक किलो. लिंपल्यामुळे वाऱ्याने येणारे बीही अडते. तीन-चार महिन्यांत खत तयार.

मात्र ही टाकी हलवत नाहीत, म्हणून तिच्या कडा तापत नाहीत. बी धरलेले गाजरगवत तिच्यात नकोच. त्याची पांढरी फुले देखणी असतात, पण मी कवी असूनही सांगतो, फुलण्याआधी उपटा. हराळी, लव्हाळा आधी मे महिन्याच्या उन्हात कडकडीत वाळवा.

साध्या उकिरड्याचे खत असेल तर ओंजळभर कुंडीत घालून पाणी द्या. पंधरा दिवसांत कोंब दिसले, तर ढीग पालथा घाला, कडेचे आत करा, ओलवा आणि पुन्हा तापू द्या.