‘हिटमॅन २’ : सहा नकाशांचा चार वर्षांचा मागोवा

‘हिटमॅन २’ हा लपतछपत खेळायचा ॲक्शन गेम १३ नोव्हेंबर २०१८ रोजी पीसी, प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वनवर आला. तो घडवला कोपनहेगनच्या आयओ इंटरॅक्टिव्ह या कंपनीने आणि प्रकाशित केला वॉर्नर ब्रदर्सच्या गेम विभागाने. टक्कल, मानेमागे बारकोड, काळा सूट आणि लाल टाय अशा रूपातला भाडोत्री मारेकरी एजंट ४७ हा मालिकेचा नायक. तो २००० सालापासून खेळाडूंच्या ओळखीचा आहे. या मालिकेत दुसरा भाग म्हणावा असे गेम दोन आहेत. २००२ चा ‘हिटमॅन २ : सायलेंट असॅसिन’ हा पहिला. त्याच्या कथेचा काही भाग पंजाबात घडत होता. सुवर्णमंदिराची आठवण करून देणारी वास्तू आणि त्यातले शीख पात्रांचे चित्रण यांवर शीख समाजातून तीव्र आक्षेप आला आणि प्रकाशकाला बदल करावे लागले. २०१८ चा गेम पुन्हा भारतात आला, या वेळी मुंबईत.

या गेमची घडण समजायला दोन वर्षे मागे जावे लागते. २०१६ चा ‘हिटमॅन’ हप्त्याहप्त्याने निघाला. मार्चमध्ये पॅरिस, मग सापिएन्झा, मराकेश, बँकॉक, कोलोरॅडो आणि ऑक्टोबरअखेर होक्काइदो. एकेक शहर हाती पडे आणि पुढचे येईपर्यंत तेच पुन्हा पुन्हा खेळले जाई. या सक्तीच्या मुक्कामातून मालिकेला तिचा खरा आकार सापडला. तरीही मे २०१७ मध्ये तेव्हाच्या मालक स्क्वेअर एनिक्सने आयओ इंटरॅक्टिव्हमधून अंग काढून घेतले. नोकरकपात झाली. जूनमध्ये व्यवस्थापनानेच कंपनी विकत घेतली आणि ‘हिटमॅन’चे हक्क स्वतःकडे राखले. ‘हिटमॅन २’ हे त्या पडझडीनंतरचे पहिले मोठे काम. हप्त्यांची पद्धत सोडून सहाही ठिकाणे एकदम दिली गेली. हाताशी पैसा कमी होता, याची एक खूण लगेच दिसते. मागच्या भागात कथेचे दुवे जोडणारी दृश्ये पूर्ण चलच्चित्रात होती. इथे स्थिर चित्रांवर हलका कॅमेरा फिरतो आणि निवेदन चालते. एजंट ४७, ‘प्रॉव्हिडन्स’ ही गुप्त संघटना आणि तिच्याविरुद्ध लढणारा लुकास ग्रे यांची गोष्ट या भागात पहिल्यापेक्षा नेटकी झाली आहे. पण भावना पोचवायचे काम आवाजांवरच पडले. एजंट ४७ ला आवाज देणारे डेव्हिड बेटसन आणि त्याला मोहिमांवर पाठवणाऱ्या डायना बर्नवूडचा आवाज असलेल्या जेन पेरी यांनी ते पेलले.

गेमची मूळ कल्पना साधी आहे. एक मोठे ठिकाण, त्यात शेकडो माणसे, त्यांतली दोन-तीन लक्ष्ये. प्रत्येक माणसाचे वेळापत्रक ठरलेले असते. कुठे उभे राहायचे, कुणाशी काय बोलायचे, पाणी प्यायला कधी जायचे, सारे बांधलेले असते. खेळाडूने मध्ये हात घातला नाही तर हे चक्र अखंड फिरत राहते. त्यामुळे बंदुकीपेक्षा माहिती जास्त कामाची ठरते. कुणाचे कपडे घातले की कोणते दार उघडते, कोण त्या वेषातही ओळखेल, स्वयंपाकघरातला आचारी किती वेळ पाठ फिरवून उभा असतो, हे ज्याला ठाऊक त्याच्यासाठी तोच नकाशा वेगळा होतो. पहिल्या खेपेला घाबरत घाबरत पार केलेले घर दहाव्या खेपेला आपल्या अंगणासारखे वाटू लागते. गेमचा सगळा आनंद या बदलात आहे, आणि दुसऱ्या भागाची बहुतेक बलस्थाने याच आनंदाला पूरक आहेत.

नव्या सोयी मोजक्या होत्या, पण त्यांची निवड विचारपूर्वक होती. उंच गवतात किंवा झुडपात बसून लपता येऊ लागले. दाट गर्दीत मिसळून नजर चुकवता येऊ लागली. आरसे कामाला लागले : मागून येणाऱ्या ४७ चे प्रतिबिंब पहारेकऱ्याला दिसू शकते, म्हणून स्नानगृहात शिरतानाही भिंतीकडे पाहावे लागते. मालिकेची जुनी ओळख असलेली ब्रीफकेस परत आली आणि स्नायपर रायफल तिच्यात लपवून नेता येऊ लागली. लांब कुठे मृतदेह सापडला किंवा कॅमेऱ्याने टिपले, तर पडद्याच्या कोपऱ्यात छोटी चौकट उघडून ते दाखवते. ही चौकट सर्वांत उपयोगी ठरली. आधी चूक कुठे झाली हे न कळताच डाव बिघडायचा. आता कारण डोळ्यांसमोर येते आणि पुढच्या खेपेला ते टाळता येते. फेकलेली ब्रीफकेस हवेत संथ तरंगत, वळणे घेत माणसाच्या मागे जाते, असा एक दोषही गेममध्ये होता. खेळाडूंना तो इतका आवडला की दुरुस्ती केल्यानंतर कंपनीने तसेच वागणारी ब्रीफकेस वेगळी वस्तू म्हणून परत आणली.

ठिकाणांची गुणवत्ता मात्र सारखी नाही. सुरुवातीचे न्यूझीलंडमधले हॉक्स बे म्हणजे समुद्रकिनाऱ्यावरचे एक घर. ते तोंडओळखीपुरते आहे आणि लवकर संपते. मायामीत मोटारशर्यत चालू असते आणि लक्ष्यांपैकी सिएरा नॉक्स गाडी चालवत असते. शर्यत संपेपर्यंत तिच्यापर्यंत पोचायचे कसे, हा प्रश्न वेळेशी बांधलेला आहे. तो सोडवताना संपूर्ण मैदानाचा नकाशा डोक्यात उतरतो. कोलंबियातले सांता फॉर्चुना गाव, हवेली, जंगल आणि कोकाची शेते यांत पसरले आहे, पण दोन रंजक जागांमधली पायपीट बरीच आहे. व्हर्मांटमधली व्हिटलटन क्रीक ही वसाहत याच्या उलट. हिरवळ, टपालपेट्या, शेजाऱ्यांची सहल, सारे एका हाकेच्या अंतरावर. गर्दी नाही, आडोसा कमी, आणि प्रत्येक घराच्या आत वेगळे गुपित. आकाराने लहान असूनही ती या भागातली सर्वांत कसून बांधलेली जागा आहे. शेवटचे आइल ऑफ स्गेल हे उत्तर अटलांटिकमधले बेट, त्यावरच्या दगडी किल्ल्यासह, धनिकांच्या गुप्त मेळाव्यासाठी सजलेले आहे. देखणे आहे, पण पहारा इतका दाट की नवख्याला त्यात श्वास घ्यायला जागा मिळत नाही.

मराठी खेळाडूची नजर साहजिकच मुंबईवर थांबते. या मोहिमेत लक्ष्ये तीन आहेत. वझीर काळे ऊर्फ ‘मेलस्ट्रॉम’ हा समुद्री लुटारूंचा म्होरक्या, वान्या शाह ही वस्तीवर राज्य करणारी बाई आणि दाऊद रंगन हा सिनेमा काढणारा गुंड. नावे वेगवेगळ्या प्रदेशांतून उचलून जुळवलेली वाटतात. दाटीवाटीची वस्ती, चाळीचे जिने, बंद पडलेल्या रेल्वे यार्डात चालणारा कपडे धुण्याचा मोठा धंदा आणि वर अर्धवट उभा असलेला रंगनचा टॉवर, अशी ही मुंबई उभी चढत जाते. गल्लीतून खोलीत, खोलीतून छपरावर आणि छपरावरून पुन्हा गल्लीत असे रस्ते एकमेकांत गुंतले आहेत. गर्दीत मिसळण्याची नवी सोय इथेच खरी कामी येते, कारण रस्त्यावर माणसाला माणूस लागून उभा असतो.

या नकाशातली सर्वांत हुशार योजना ‘मेलस्ट्रॉम’भोवती आहे. एरवी लक्ष्य कोण हे गेम लाल रंगात दाखवतो. इथे त्याचा चेहरा कुणालाच माहीत नाही. गर्दीतून फिरणाऱ्या शेकडो चेहऱ्यांतून तो हुडकावा लागतो, त्यासाठी खुणा गोळा कराव्या लागतात, लोकांचे बोलणे ऐकावे लागते. म्हणजे निरीक्षण हे साधन न राहता तेच काम बनते. तो दाढी करून घ्यायला न्हाव्याकडे जातो आणि खेळाडू न्हावी होऊ शकतो. वान्या शाहसाठी शिंपी येतो, रंगनला स्वतःचे चित्र काढून हवे असते, आणि चित्रीकरणासाठी लावलेल्या भल्यामोठ्या पंख्याशी छेडछाड करता येते. शिवाय ‘द काश्मीरियन’ नावाचा दुसरा मारेकरी शहरात आहे. त्याच्या नेमाच्या टप्प्यात वान्या आणि रंगन यांना आणून उभे केले, तर खेळाडूने एकही गोळी न झाडता दोघेही संपतात. एका मारेकऱ्याच्या कामात दुसऱ्याने निमूटपणे हातभार लावावा, ही कल्पना मालिकेतल्या उत्तम कल्पनांपैकी एक आहे.

उणीव आहे ती शहराच्या आवाजात. पात्रे इंग्रजी बोलतात. मुंबईच्या गल्लीत कानावर पडणारी मराठी, हिंदी, गुजराती, दख्खनी यांची सरमिसळ तिथे नाही. वस्ती, गुंड आणि सिनेमा या तीन ओळखींपलीकडची मुंबई, म्हणजे लोकलने कामावर जाणारी, गिरणगावची, दादर-गिरगावची मुंबई या नकाशात नाही. रचनाकारांनी गल्लीची दाटी आणि उंचसखलपणा नेमका पकडला. माणसांच्या बाबतीत ते परदेशी चित्रपटांत दिसणाऱ्या मुंबईवर थांबले.

खेळण्यातल्या तक्रारीही आहेत. पहारेकऱ्यांची स्मरणशक्ती तोकडी आहे. संशय आला की ते शोध घेतात, काही वेळाने सारे विसरून जागेवर परततात. नाणे फेकले की बघायला येतात आणि तीच युक्ती त्याच माणसावर पुन्हा चालते. घड्याळासारख्या चालणाऱ्या जगाला याची थोडी गरज आहे, नाहीतर एका चुकीने सारा डाव कायमचा बिघडेल. तरी वरच्या काठिण्यपातळीवरही हा विसराळूपणा राहावा हे खटकते. ‘मास्टर’ पातळीवर खेळ एकदाच सेव्ह करता येतो, कॅमेरे वाढतात आणि रक्त लागलेले कपडे वेषांतराला निरुपयोगी होतात. कस लागतो तो बहुतेक या नियमांमुळे. पहारेकरी अधिक शहाणे झालेले जाणवत नाहीत. दुसरी तक्रार ‘मिशन स्टोरीज’ची. या आखून दिलेल्या कथासूत्रांत पडद्यावरची खूण पावलोपावली पुढची जागा दाखवते. पहिल्या खेपेला त्यांची मदत होते, पण खूण धरून चालणारा खेळाडू आजूबाजूला पाहतच नाही. खुणा बंद करायची सोय आहे आणि ती वापरणाऱ्याला हा गेम दुप्पट मिळतो.

सर्वांत मोठा त्रास नकाशांच्या बाहेरचा होता. गेम चालतो खेळाडूच्या यंत्रावर, पण प्रगतीची नोंद राहते कंपनीच्या सर्व्हरवर. आव्हाने पूर्ण केल्याचे गुण, ठिकाणावरचे प्रभुत्व आणि त्यातून मिळणारी शस्त्रे, वेष व प्रवेशाच्या नव्या जागा हे सारे जोडणी असेल तरच मिळते. इंटरनेट नसताना मोहीम खेळता येते, पण कमावलेले काही हाती लागत नाही. जोडणी मध्येच तुटली तर खेळ थांबतो. एकट्याने खेळायच्या, कुणाशीही स्पर्धा नसलेल्या मोहिमेत. ज्या भागांत वीज आणि इंटरनेट बेभरवशाचे असते तिथल्या खेळाडूला हे जास्त जाचते. अर्धा तास दबा धरून बसायला लावणाऱ्या खेळात हा खोळंबा तर विशेष लागतो. हा विरोध पुढेही निवला नाही. सप्टेंबर २०२१ मध्ये २०१६ चा ‘हिटमॅन’ गॉग या दुकानात आला. हे दुकान ऑनलाइन बंधनाशिवाय गेम विकण्यासाठी ओळखले जाते. ग्राहकांनी याच मुद्द्यावर आवाज उठवला आणि पुढच्याच महिन्यात गेम तिथून काढला गेला.

प्रकाशनानंतरची दोन वर्षे भरगच्च होती. २० नोव्हेंबर २०१८ ला शॉन बीन या अभिनेत्याचा चेहरा आणि आवाज असलेले मर्यादित काळाचे लक्ष्य मायामीत आले. अशा लक्ष्याला मारायची संधी एकदाच मिळते. चुकली तर चुकली. जून २०१९ मध्ये न्यूयॉर्कमधली बँक आली, सप्टेंबरमध्ये मालदीवमधले हॅवन आयलंड. बँक लहान असूनही तिच्यातल्या मजल्यांची आणि तिजोरीची आखणी मूळ सहांच्या तोडीची आहे. दोन खेळाडूंना एकाच वेळी चढाओढीने खेळता येणारा ‘घोस्ट मोड’ मात्र रुजला नाही. ऑगस्ट २०२० अखेर तो बंद झाला. स्वस्थपणे, आपल्या गतीने शहर वाचायला शिकवणारा गेम घाईच्या शर्यतीत बसणे अवघडच होते.

दुसऱ्या भागाची एक देणगी फार कमी गेममध्ये दिसते. २०१६ ची सारी ठिकाणे त्यात पुन्हा घेतली गेली, आणि ज्यांच्याकडे आधीचा गेम होता त्यांना ती विनामूल्य मिळाली. नुसती घेतली नाहीत, नव्या नियमांनी पुन्हा जिवंत केली. सापिएन्झाच्या हवेलीतल्या झुडपांत लपता येऊ लागले, पॅरिसच्या समारंभातल्या गर्दीत मिसळता येऊ लागले, तिथले आरसेही प्रतिबिंब दाखवू लागले. ओळखीच्या घरात परत जाऊन भिंती तशाच, पण वावर नवा, असा अनुभव त्यातून मिळाला. या सोयीची दुसरी बाजू म्हणजे खरेदीचा गोंधळ. कोणती आवृत्ती घेतली की कोणती ठिकाणे येतात, विस्तार-पास कशात आहे, जुने ठिकाण कुणाला फुकट आणि कुणाला विकत, हे समजून घेणे नवख्याला जड जात असे. २० जानेवारी २०२१ रोजी ‘हिटमॅन ३’ आला आणि आधीच्या दोन्ही भागांतली ठिकाणे त्याच्यात आणता येऊ लागली. पीसीवर तो सुरुवातीला फक्त एपिक गेम्स स्टोअरवर होता. ज्यांनी दुसरा भाग स्टीम या वेगळ्या दुकानातून घेतला होता त्यांना आपलीच शहरे पुन्हा विकत घ्यावी लागतील की काय, अशी वेळ आली. खेळाडूंच्या नाराजीनंतर कंपनीने मार्ग काढला.

हा गुंता सुटला जानेवारी २०२३ मध्ये. ‘हिटमॅन ३’चे नाव ‘हिटमॅन : वर्ल्ड ऑफ असॅसिनेशन’ झाले, तिन्ही भागांच्या मोहिमा त्यात एकत्र आल्या आणि पहिल्या दोन भागांची वेगळी विक्री थांबली. त्याच महिन्यात ‘फ्रीलान्सर’ हा नवा प्रकार आला. त्यात लक्ष्ये दर खेपेला बदलतात, मोहीम फसली तर जमवलेले गमवावे लागते आणि सेव्ह करता येत नाही. मुंबईतल्या वस्तीत अचानक एखादा अनोळखी माणूस लक्ष्य होतो आणि गल्ल्या, जिने, छपरे यांची जुनी ओळख तेवढी सोबत असते. ‘हिटमॅन २’ हे नाव दुकानाच्या पाटीवरून गेले. त्याचे सहा नकाशे आणि नंतरचे दोन अजून रोज उघडले जातात.