कॅमेऱ्याने घडवलेली नजर

फ्रेंच छायाचित्रकार आँरी कार्तिए-ब्रेसाँ यांच्या हाती १९३०च्या दशकाच्या आरंभी लायका आला आणि रस्ता हाच त्यांचा स्टुडिओ झाला. छोटेखानी कॅमेरा, एका रोलवर ३६ फोटो आणि बहुतेक वेळा एकच ५० मिमीची लेन्स. झूम नाही; जवळ जायचं तर पायांनीच! कॅमेऱ्याची चकाकी कुणाच्या डोळ्यांत भरू नये म्हणून त्यांनी त्यावर काळी पट्टी चिकटवली होती. फ्लॅश त्यांना मुळीच रुचत नसे.

मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेल्या होमाई व्यारावाला यांची वाट निराळी. दिल्लीत वृत्तछायाचित्रण करताना त्यांनी वापरलेला स्पीड ग्राफिक कॅमेरा चांगलाच वजनदार. एका फिल्म होल्डरमध्ये जेमतेम दोन फोटो, मग होल्डर बदलायचा. अशा कॅमेऱ्यावर शटर दाबण्याआधी चेहरा वाचावाच लागतो. नेहरूंच्या त्यांनी टिपलेल्या मुद्रांमध्ये ही पारख ठसठशीत दिसते.

तिसरी तऱ्हा रोलायफ्लेक्स कॅमेऱ्याची: तो पोटाशी धरून वरून त्यात पाहायचं. चौरस चौकट, एका रोलवर १२ फोटो. छायाचित्रकार व्हिव्हियन मायर यांनी शिकागोच्या रस्त्यांवर त्यातून टिपलेली माणसं म्हणूनच अनेकदा किंचित खालून पाहिलेली, भारदस्त वाटतात.