पौड रस्त्यावर भेटणारं व्याकरण

भाषाविज्ञानाच्या वर्गात एक गृहपाठ ठरलेला: शब्द घ्या, त्याचे तुकडे पाडा, प्रत्येक तुकडा काय काम करतो ते सांगा. त्यासाठी मोरो केशव दामल्यांचं १९११ सालचं जाडजूड ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ आहेच. पण आधी पुण्याहून पौड गावाची बस पकडा.

पहिली फसगत बस सुटतानाच. पौड फाटा पौडात नाही, कोथरुडात आहे! पौडला जाणारा फाटा तो पौड फाटा. ‘जाणारा’ गळाला, म्हणून समास मध्यमपदलोपी. शाळेत घोकलेला हा शब्द नवख्या प्रवाशाला भर उन्हात चालायला लावू शकतो.

‘कोथरूड’मधला दीर्घ रू ‘कोथरुडात’ शिरताच ऱ्हस्व होतो. वाटेतल्या भुकूमचंही तसंच, भुकुमात. भूगाव मात्र निर्धास्त: नियम शेवटून दुसऱ्या अक्षराचा, आणि तिथे ‘गा’ बसलाय.

पुढे लवळे, घोटावडे. ‘घोटावडेत’ म्हणालात तर गावकरी हसतील, घोटावड्यात म्हणायचं. पुणे-पुण्यात, लवळे-लवळ्यात. प्रत्यय लागण्याआधी नाम असं वाकतं, तेच सामान्यरूप. आता त्याच गावांना ‘कर’ लावा. पुणेकर, घोटावडेकर. ए जागचा हलत नाही! ‘पुण्याकर’ कुणी ऐकलाय? विभक्तीपुढे नाम वाकतं, पण नवा शब्द घडवणाऱ्या ‘कर’पुढे वाकेलच असं नाही. (सातारकरांनी तर आपला शेवटचा आ-च सोडून दिला.)

गाव म्हटलं की गावाला, घर म्हटलं की घराला. मग पौडला का, पौडाला का नाही? अकारान्त गावांची नावं ‘ला’पुढे ताठ राहतात: पौडला, नागपूरला. ‘त’पुढे मात्र पौडही वाकतं.

आता खरा चटकदार नमुना: ‘पौडातल्यांनीसुद्धा’. पौड, सामान्यरूपाचा आ, सप्तमीचा त, विशेषण करणारा ल, पुन्हा सामान्यरूपाचा या, अनेकवचनाचा अनुस्वार, तृतीयेचा नी, वर सुद्धा. एकाच शब्दात दोन विभक्त्या सुखानं नांदतात.

पौडचा मुळशी तालुका भाताचा, तेव्हा वाक्यही शेतातलंच घेऊ. ‘त्यानं भात लावला, त्यानं नाचणी लावली.’ राबला तो, पण क्रियापद ऐकतं भाताचं नि नाचणीचं. ‘मी भात लावला’ म्हणताना तर ‘ने’सुद्धा गायब. मला सगळ्यात आवडतं ते ‘तू नाचणी लावलीस’. ‘ली’ नाचणीची, ‘स’ तुझा. एक क्रियापद, दोन धनी! हिंदीत ‘तूने रोटी खाई’ म्हटलं की ‘खाई’ फक्त रोटीचं. तिथे ‘तू’ची खूण नाही.

प्रमाण मराठीतलं हे गणित सगळ्या बोलींत तसंच राहतं असं मात्र नाही. पुण्याच्या डेक्कन कॉलेजनं राज्य मराठी विकास संस्थेबरोबर बोलींचं सर्वेक्षण केलं, त्यात लोकांची बोली ध्वनिमुद्रित करून असेच फरक टिपले.

आणि एक अपवाद खास विद्यार्थ्यांसाठी. ‘मास्तरांनी व्याकरण शिकवलं’, पण ‘पोरगा व्याकरण शिकला’. कर्म दोन्हीकडे व्याकरणच, तरी शिकवणाऱ्याला ‘नी’ आणि शिकणारा कोरडाच. जेवणंही त्याच पंगतीतलं: पोरीनं भाकरी खाल्ली, पण पोरगी भाकरी जेवली.