कामगार कल्याण व मानसिक ताण

कामाच्या ठिकाणी कामगार-कर्मचाऱ्यांचे शारीरिक व मानसिक स्वास्थ्य टिकविण्यासाठी मालक, शासन व कामगार संघटना यांनी योजलेले उपाय आणि कामाच्या स्वरूपातून उद्‌भवणारा ताण यांचा परस्परसंबंध. कामाच्या मागण्या व त्या पेलण्याची साधने यांत दीर्घकाळ तफावत राहिली, म्हणजे असा ताण निर्माण होतो. निद्रानाश, चिडचिड, पचनाच्या तक्रारी, रक्तदाबवाढ, गैरहजेरी व अपघात या रूपांनी तो प्रकट होतो. तो कामगाराच्या मनोदौर्बल्याचा नव्हे, तर बव्हंशी कामाच्या रचनेचा परिणाम होय.

इतिहास : महाराष्ट्रात या प्रश्नाचा प्रारंभ विश्रांतीच्या मागणीने झाला. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा भरवून साप्ताहिक सुटी, दुपारी अर्धा तास विश्रांती, वेळेवर पगार व जखमी कामगारास भरपाई या मागण्या मांडल्या. १८९० मध्ये मुंबईच्या गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली. पुढे १९५३ च्या मुंबई कामगार कल्याण निधी अधिनियमान्वये कल्याण मंडळ स्थापन झाले. त्याच्या केंद्रांतून शिशुमंदिरे, ग्रंथालये, शिवणवर्ग व नाट्यस्पर्धा चालविण्यात आल्या. तथापि हे उपाय मुख्यतः फावल्या वेळेपुरते होते. कामाच्या रचनेला त्यांचा स्पर्श झाला नाही.

ताणाची मीमांसा : शरीरावरील ताणाचे शास्त्रीय विवेचन हान्स सेल्ये या शास्त्रज्ञाने १९३६ मध्ये केले. रॉबर्ट कॅरसेक या अमेरिकन अभ्यासकाने १९७९ मध्ये असे प्रतिपादन केले, की कामाचा बोजा मोठा, पण ते कसे करावे हे ठरविण्याचे स्वातंत्र्य अल्प, अशा स्थितीत ताण सर्वाधिक असतो. त्यामुळे निर्णयाधिकार असलेल्या अधिकाऱ्यापेक्षा यंत्राच्या गतीला बांधलेल्या कामगारास तो अधिक जाचतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत (अंमल २०२२) कामातून येणाऱ्या आत्यंतिक थकव्याची नोंद रोग म्हणून नव्हे, तर व्यवसायजन्य घटना म्हणून केलेली आहे.

पनवेल परिसर : मुंबईतील दाटी कमी करण्यासाठी १९७० मध्ये सिडको या महामंडळाची स्थापना झाली आणि खाडीपलीकडे वसाहती व उद्योग वाढीस लागले. रायगड जिल्ह्यातील पनवेल तालुक्यात या बदलाची निरनिराळी रूपे एकत्र दिसतात. तळोजे औद्योगिक क्षेत्रातील रासायनिक कारखान्यांत अनेक प्रक्रिया अखंड चालू ठेवाव्या लागत असल्याने पाळीपद्धती अपरिहार्य ठरते. तिसऱ्या पाळीत शरीराच्या स्वाभाविक निद्राचक्राविरुद्ध जागे राहावे लागते. पहाटे सावधानता मंदावते आणि नेमकी तेव्हाची चूक रसायनांच्या सान्निध्यात घातक ठरू शकते. कळंबोलीच्या लोखंड-पोलाद बाजारात माल आणणारे वाहनचालक व तो चढविणारे-उतरविणारे माथाडी यांचा ताण प्रतीक्षा, अनिश्चित वेळ व अंगमेहनत यांतून येतो. तिसरा वर्ग मुंबईला नोकरीस जाणाऱ्यांचा. १९९८ मध्ये हार्बर मार्गाची उपनगरी गाडी पनवेलपर्यंत आली. तथापि मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपर्यंतचा एकेरी प्रवास सव्वा तासाहून अधिक असतो. हा वेळ कामाच्या तासांत मोजला जात नाही. तो झोपेतून व कुटुंबाच्या वाट्यातून वजा होतो.

विधी : १९४८ च्या कारखाना अधिनियमाने आठवड्याचे कमाल ४८ तास व सलग पाच तासांनंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती विहित केली, तसेच ५०० वा अधिक कामगारांच्या कारखान्यात कल्याण अधिकारी सक्तीचा केला. व्यावसायिक सुरक्षितता, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात येऊन तिने त्या अधिनियमाची जागा घेतली; कल्याण अधिकाऱ्यासाठी कामगारसंख्येची मर्यादा २५० वर आली. संहितेच्या अधिसूचनीय रोगांच्या अनुसूचीत शिसे, पारा, सिलिका इत्यादींमुळे होणारे विकार समाविष्ट आहेत. मानसिक ताण नाही. परिणामी तो नोंदवहीत उतरत नाही आणि त्याची जबाबदारी कामगारावरच पडते. महिलांच्या लैंगिक छळास प्रतिबंध करणाऱ्या २०१३ च्या कायद्याने मात्र दहा वा अधिक व्यक्ती कामावर असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती अनिवार्य केली आहे.

उपाय : योगवर्ग, सहली वा समुपदेशन यांचा उपयोग होतो, परंतु ताणाचे मूळ कायम राहिल्यास तो तात्पुरता ठरतो. पाळ्या सकाळ, दुपार, रात्र या क्रमाने पुढे सरकविणे, सलग रात्रपाळ्या मोजक्या ठेवणे, दोन पाळ्यांत पुरेसे अंतर देणे, पाळीपत्रक आगाऊ जाहीर करणे आणि कामाच्या पद्धतीबाबत कामगारांचे मत घेणे, हे मूलगामी उपाय होत. कंत्राटी कामगारास उपाहारगृह, विश्रांतिकक्ष व वैद्यकीय तपासणी यांचा समान लाभ मिळणे तितकेच आवश्यक आहे. मनोविकाराची लक्षणे दिसल्यास गुप्तता राखून तज्ज्ञाचे साहाय्य मिळवून द्यावे; केंद्र शासनाने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेल्या ‘टेली मानस’ या सेवेचा १४४१६ हा दूरध्वनी क्रमांक त्यासाठी विनामूल्य उपलब्ध आहे. उपचारानंतर कामगारास कमीपणा न आणता हळूहळू पूर्ववत कामावर घेणे, हाही कल्याणकार्याचाच भाग होय. विश्रांती ही मालकाची कृपा नसून कामाचे अंग आहे, हे तत्त्व लोखंडे यांच्या काळात सुटीच्या दिवसापुरते मान्य झाले. कामाच्या प्रत्येक तासाच्या रचनेत ते उतरविणे अद्याप शेष आहे.